शिवण्णांची रीत

शिवण्णा धादांत खोटं बोलायचे. ते गेल्यावर लोक माझ्यापाशी 'फार सरळ माणूस' म्हणून हळहळले, तेव्हाही मला हसू आवरेना. चांगला माणूस होता, यात वाद नाही. पण सरळ? चौदा वर्षं त्यांच्या गॅरेजला लागून माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान होतं. मध्ये फक्त एक पत्रा. त्या पत्र्यातून मी जेवढं खोटं ऐकलंय, तेवढं कोर्टातल्या कारकुनाच्याही कानावर पडलं नसेल.

गॅरेज म्हणायचं ते आपलं मान म्हणून. दहा बाय आठचा गाळा, एक लाकडी बाक, एक टेबल, भिंतीला टांगलेले पाने. पंक्चर घेऊन कुणी आलं की शिवण्णा मानही वर करायचे नाहीत. क्लच, ब्रेक, चेन, कशालाच हात लावायचे नाहीत. "आमी फकस्त कार्बोरेटर," एवढं बोलून परत कामाला. त्यांचे वडील अक्कलकोटच्या बाजूने सोलापुरात आले ते स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायला. घराघरांत गॅस आला आणि स्टो माळ्यावर गेले, तेव्हा वडिलांच्या बारीक पिना आणि फुंकायची नळी घेऊन शिवण्णांनी मोटारसायकलींकडे मोर्चा वळवला. "कार्बोरेटर म्हंजे काय हो अक्का, स्टोचा शिकलेला भाऊ," असं ते मला सांगायचे. मी वयाने त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी अक्काच.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कानात केसांचे झुपके, आणि अंगात एक धुवट पांढरा सदरा. ग्रीसमध्ये काम करणाऱ्या माणसाने पांढरा सदरा का घालावा, हे मी पहिल्या वर्षीच विचारलं होतं. म्हणाले, "डाग पडला की कळतंय, आज चूक झाली म्हणून." यातलं खरं किती नि खोटं किती, मला आजही सांगता यायचं नाही. धुणं मात्र त्यांची बायको धुवायची, आणि तिचं याबाबतचं मत मी एकदा पत्र्याआडून ऐकलेलं आहे. ते कानडीत होतं, पण समजायला काही अडचण आली नाही.

गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "शेवटचा हात कुणाचा?"

म्हणजे गाडी बिघडायच्या आधी कुणी कुठे काय उघडलं, पिळलं, फुंकलं. शिवण्णांचं ठाम म्हणणं असं की कार्बोरेटर आपणहून कधी बिघडत नाही, त्याला कुणीतरी बिघडवतं. मालक बाकावर बसायचा आणि नाही नाही म्हणता म्हणता सगळं ओकायचा. मेव्हण्याने स्क्रू फिरवला होता, पेट्रोलमध्ये रॉकेल गेलं होतं, बायको माहेरी असताना आपणच यूट्यूब बघून उघडून बघितलं होतं. मग शिवण्णा कार्बोरेटर काढायचे, पेट्रोलच्या नळीला तोंड लावून फुंकायचे, आतला तरंगता फ्लोट कानाशी धरून डोळे मिटून हलवायचे, आणि कानडीत पुटपुटत स्क्रू मोजायचे, ओंदु, येरडु, मूरु. फुंकून झालं की चूळ भरून गुळाचा खडा तोंडात टाकायचे. पेट्रोल आणि गूळ यांचा मिळून जो वास येतो तो मला अजून कुठे आला, तर मी पत्र्याकडे बघेन.

इथवर सगळं सरळच. खोटं सुरू व्हायचं ते गाडी परत देताना.

शिवण्णांचा सिद्धान्त असा होता की, कारण सांगितलं की माणूस वाद घालतो आणि रीत सांगितली की पाळतो. मग ते गिऱ्हाइकाला कारण सांगतच नसत. रीत सांगत. मलाही सांगितली होती. माझी जुनी मोपेड. तिच्यातली सुई झिजलेली, आणि मी पेट्रोलचा कॉक बंद करायला रोज विसरायची, त्यामुळे गाडी उभ्या उभ्या गळायची. शिवण्णांनी चार दिवस माझ्याकडे नुसतं बघितलं. मग एके दिवशी अगदी हळू आवाजात, कुणी मेल्याची बातमी सांगावी तसे म्हणाले, "अक्का, कॉक उघडा ठिवून गाडीच्या आरशात बघू नये. तोंडावर वांग उठतंय."

मी बी.ए. झालेली बाई. हसले. पण गाडी लावली की आरशात केस बघायची मला सवय होती, आणि ती या लबाडाने पत्र्याआडून बरोबर हेरली होती. त्या दिवसापासून हात आधी कॉककडे जायचा. वांग उठलं नाही, गाडीही गळली नाही. अकरा वर्षांनी मी त्यांना जाब विचारला, तर म्हणाले, "चेहरा बघा की तुमचा, कसा लख्ख हाय!" भांडायला गेलेली मी लाजून परत आले.

मंगळवेढ्याहून एक ज्वारीचे व्यापारी यायचे. त्यांची गाडी रोज सकाळी पेट्रोलच्या थारोळ्यात उभी. शिवण्णांनी दोनदा कार्बोरेटर उघडला, आत काहीच दोष नाही. तिसऱ्यांदा त्यांनी व्यापाऱ्याला नुसतं अंगणाचं वर्णन करायला लावलं. अंगणाला उतार होता. गाडी साइड स्टँडला लागली की आधीच कलणार, उतारामुळे आणखी कलणार, आतला फ्लोट वाकडा होणार आणि पेट्रोल बाहेर. तोंड फिरवून लावली की प्रश्न मिटला. एवढं साधं. पण शिवण्णा म्हणाले, "गाडीचं तोंड उगवतीला करा. मावळतीला तोंड केलेली गाडी सांडतीय." गळणं थांबलं. महिन्याभरात त्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या उगवतीकडे बघत उभ्या राहू लागल्या. मग त्याच गल्लीतला एक जण तक्रार घेऊन आला, की उगवतीला तोंड केल्यापासूनच त्याची गाडी गळते. त्याच्या अंगणाचा उतार उलटा होता. शिवण्णांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "तुमची रास कुटली?" त्याने सांगितली. "तरीच," शिवण्णा म्हणाले. "तुमी मावळतीला लावा." पत्र्याअलीकडे मी कापड तोंडात कोंबून बसले होते.

त्यांची सगळ्यात गाजलेली रीत मात्र टकटकीची. कार्बोरेटरच्या बुडाला एक वाटी असते. त्यात पेट्रोल साठतं. वाटीत फ्लोट तरंगतो, घरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू तरंगतो तसा, आणि वाटी भरली की वरची सुई दाबून पेट्रोल बंद करतो. हा फ्लोट कधी कधी अडकतो. वाटीला बाहेरून हलकं टिचकावलं की सुटतो. कुठलाही मिस्त्री हे सांगेल. शिवण्णांनी त्याची रीत केली. "किक मारायच्या आदी पान्याच्या दांड्यानं वाटीवर दोनदा टकटक करायची. आत माणूस झोपलेला असतंय. न सांगता आत घुसू नये." लोकांना हे इतकं आवडलं की ज्यांच्या फ्लोटला काही झालं नव्हतं तेही टकटक करू लागले. आमच्या चौकात सकाळी साडेनऊला कामावर जायच्या वेळी ठिकठिकाणी वाकलेली माणसं दिसायची. शिवण्णा गाळ्याच्या दारात उभे राहून हे बघायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी माझ्या मुलीच्या लग्नातही तिच्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

आणि मग प्रज्ञा आली.

प्रज्ञा गायकवाड रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. वय चोवीस. वडील सरकारी कचेरीत कारकून, आई नाही. तिच्याकडे एक जुनी डर्ट बाइक होती, उंच, हडकुळी, मातीत उड्या मारायची. आदल्या वर्षी गावातल्याच एकाकडून घेतलेली. त्या रविवारी शहराबाहेरच्या माळावर मातीतल्या गाड्यांची शर्यत होती, आणि ती त्यात पहिल्यांदाच उतरणार होती. बुधवारी ती गाडी ढकलत घेऊन आली. मागे पेट्रोलच्या थेंबांची रेघ.

"काका, आठ दिवस गळतीये. पप्पा म्हणतात, दारात गाडी, आत गॅसची टाकी, एक दिवस घर पेटवशील. रविवारी तपासणीत गळती निघाली तर गाडी मैदानात घेतच नाहीत. तशी परत आली तर सोमवारी माढ्याच्या आत्याकडे देऊन टाकणार. आत्याच्या पोराला पाहिजेच आहे."

यात वडिलांचं चुकलं असं मला तरी वाटलं नाही. पण सांगताना पोरगी हेल्मेटचा पट्टा सारखा ओढत होती.

शिवण्णांनी बाकाकडे बोट दाखवलं. "शेवटचा हात कुणाचा?"

"कुणाचाच नाही. मी उघडलीच नाही."

"आसं कसं? कुणीतरी केलंच की काईतरी."

"नाही म्हटलं ना."

तिला ओकायला लावता येईना, तेव्हा शिवण्णा कामाला लागले. सुई जिथे टेकते त्या बसकणीत कचरा असेल म्हणून ती धुतली. थेंब चालूच. गुरुवारी सुई नि बसकण दोन्ही नवी घातली. थेंब चालूच. फ्लोटला भोक असेल म्हणून माझ्या चहाच्या पातेल्यात पाणी गरम करून त्यात बुडवला. भोक असेल तर बुडबुडे येतात. आले नाहीत. पातेलं मात्र मी नंतर टाकून दिलं. प्रज्ञाने लॅबमधून सलाइनची पारदर्शक नळी आणली. ती वाटीच्या खालच्या तोटीला लावून वर उभी धरली, म्हणजे आतल्या पेट्रोलची पातळी बाहेर दिसते. पातळी अगदी बरोबर. आणि गंमत अशी, की नळी उभी धरली की गळत नव्हतं, नळी काढली की टप्, टप्.

"काय असेल, काका?"

"बगू."

"पण कशामुळे असेल?"

"बगू की."

"तुम्ही काय बघणार ते सांगा ना."

शिवण्णांना आयुष्यात कुणी इतक्यांदा कारण विचारलं नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी ते गूळ न खाताच घरी गेले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी वाटी सुटी काढली, हातात धरून अर्धीच भरली आणि पत्र्यावर टकटक केलं. "अक्का, पांढरं अस्तर हाय का तुकडा?" मी दिला. वाटी त्या तुकड्यावर ठेवून आम्ही तिघं टेबलाभोवती वाकून उभे. वाटीच्या मधोमध एक बारीक पितळी नळी उभी असते. पेट्रोल वाजवीपेक्षा वर चढलं तर तिच्या तोंडातून खाली निघून जावं म्हणून. आता पेट्रोल त्या तोंडाच्या खूप खाली होतं. म्हणजे एक थेंबही पडायला नको. पण अस्तरावर एक ओला ठिपका उमटला, आणि बघता बघता रुपयाएवढा झाला.

नळी बुडातून सैल झाली होती. पेट्रोल तिच्या मुळाशी झिरपून खालच्या तोटीतून बाहेर पडत होतं; सलाइनची नळी त्याच तोटीला लावून उभी धरली की ते तिच्यातच अडून राहायचं. सुई, फ्लोट, पातळी, सगळी बिचारी निर्दोष.

"अय्यो शिवने," म्हणत शिवण्णांनी वाटी उलटी केली. वाटीच्या बुडाला, बरोबर नळीच्या खाली, शंभर तरी चेपे होते. खलबत्त्याच्या बुडासारखी दशा.

"हे कुणी केलं?"

"काय? ते होय? मीच," प्रज्ञा म्हणाली. "किक मारायच्या आधी दोनदा टकटक. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी सांगितलं होतं. शिवण्णांची रीत आहे म्हणाले."

"कशानं?"

"पान्याने. माझ्याकडे मोठाच आहे."

मी पत्र्याकडे बघायला लागले. हसू येतंय की रडू, ते मलाच कळेना.

नवी वाटी आठवडाभर येणार नव्हती, म्हणून शिवण्णांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच वाटीवर काम केलं. नळी उपटली, वडिलांच्या जुन्या पोगराने, म्हणजे ठोकायच्या निमुळत्या सळीने, तिचं बूड केसभर फुलवलं, परत घट्ट ठोकून बसवली, सांध्याला पेट्रोल न खाणारा लेप दिला. त्या अख्ख्या वेळात ते एक अक्षर बोलले नाहीत. ना कानडीत, ना मराठीत. पत्र्याआड इतकी शांतता मी चौदा वर्षांत अनुभवली नव्हती. मला ती सोसेना. मी उगाचच मशीन चालवत राहिले.

शनिवारी प्रज्ञाबरोबर गायकवाड स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, बोलणं कचेरीतलं. "काय दोष होता?" त्यांनी विचारलं.

मी कान टवकारले. आता येणार एखादी फर्मास रीत, अमावास्या, रास, काहीतरी. सांगायला तर किती सोपं होतं! गाडी जुनी, आधीचा मालक गाढव. खपून गेलं असतं.

"दोष माजा," शिवण्णा म्हणाले. "मीच लोकांना ठोका म्हणून सांगितलं. किती जोरात, कशासाटी, ते सांगितलं न्हाय. तुमची पोरगी बरोबर वागली. ठोकून ठोकून नळी ढिली झाली."

"म्हणजे तुमच्यामुळे आठ दिवस माझ्या दारात पेट्रोल सांडत होतं?"

"व्हय."

"आणि दुरुस्तही तुम्हीच केली?"

"व्हय."

"मग मी विश्वास कशावर ठेवायचा?"

"नका ठिवू," शिवण्णा म्हणाले. "उद्या मैदानात या. मी बी येतो. बगा तुमच्या डोळ्यानं."

त्यावर प्रज्ञा म्हणाली की टकटक वाईट नाही, जोर वाईट. आणि नळीखाली न मारता बाजूला मारली असती तर काही झालं नसतं. शिवण्णा म्हणाले, नळी आधीच कच्ची असणार. ती म्हणाली, मग दोष पूर्ण तुमचा कसा? ते म्हणाले, हायच. दोघांची अर्धा तास जुंपली. कारण सांगितलं की माणूस वाद घालतो हे खरंच होतं, पण वाद घालताना शिवण्णा इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. मधेच त्यांनी गूळ काढला आणि तिलाही दिला. गायकवाड मात्र हाताची घडी घालून उभे होते. जाताना एवढंच म्हणाले, "परत पाठवली तर माढ्याला फोन करतो."

रविवारी मीही दुकान बंद ठेवून गेले. माझं तिथे काहीच काम नव्हतं, पण राहवेना. माळावर दोऱ्या बांधलेल्या, लाल मातीचे उंचवटे, गाड्यांचा असा आवाज की दाताला मुंग्या याव्यात. तपासणीवाल्याने प्रज्ञाच्या गाडीखाली हात घालून बघितलं, वाकून बघितलं, आणि पुढे जा म्हणून खूण केली. शिवण्णांनी सुस्कारा सोडला. गायकवाडांनी नाही. "आता कुठे दोन मिनिटं झालीत," ते म्हणाले. "आमच्या दारात अर्ध्या तासाने सुरू व्हायचं."

नेमका सुरुवातीलाच उशीर झाला. कुणीतरी पाहुणे यायचे होते. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं गाड्या रेघेवर उन्हात उभ्या. पेट्रोलचा कॉक उघडा. आम्ही दोरीअलीकडे, आणि तिथून गाडीच्या खालची माती काही दिसेना. प्रज्ञा एकदाही खाली बघत नव्हती. हेल्मेटमधून सरळ पुढे. तिच्या पाठीकडे बघून मला कळत होतं, की तिला खाली बघायची भीती वाटतेय.

झेंडा पडला. गाड्या सुटल्या, धुळीचा लोट उठला, लोक ओरडायला लागले. आणि शिवण्णा दोरीखालून आत घुसले. सत्तरीला टेकलेला माणूस, पांढरा सदरा, तुरुतुरु पळत प्रज्ञाची गाडी उभी होती त्या जागी गेला आणि उकिडवा बसला. तळहात मातीवर टेकवला. चाचपला. मग सरळ पुढे वाकून मातीला नाक लावलं.

गायकवाडांना ते बघवेना की राहवेना, कोण जाणे. तेही दोरीखालून आत. इस्त्रीच्या शर्टासकट ते शिवण्णांच्या शेजारी उकिडवे बसले, आणि त्यांनीही नाक टेकवलं. शिट्टीवाला शिट्ट्या मारतोय, पलीकडे गाड्या उडतायत, आणि हे दोन बापये शेजारी शेजारी माती हुंगतायत.

"कोरडं हाय की ओ!" गायकवाड ओरडले. कचेरीतलं बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"छलो," शिवण्णा म्हणाले, म्हणजे कानडीत झकास, आणि खात्री म्हणून वीतभर पलीकडची मातीही हुंगली.

तिथेच मातीत बसून गायकवाडांनी माढ्याला फोन लावला. एका कानात बोट घालून ओरडत होते, "आक्का, गाडी द्यायची न्हाय! न्हाय म्हंतोय! पोरगी चालवतीया!" नाकाच्या शेंड्याला लाल माती तशीच. शिवण्णा त्यांच्याकडे बघत बसून होते. त्यांचे डोळे भरलेले मी एवढ्या लांबूनही पाहिले. त्यात धुळीचा भाग किती होता, हे त्यांनी अर्थात कधीच खरं सांगितलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी मी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. तीन महिन्यांनी परतले तेव्हा शेजारच्या गाळ्याला कुलूप होतं. झोपेतच गेले म्हणाले. म्हणजे मी त्यांना बघितलं ते त्या रविवारी शेवटचं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तर त्या रविवारी, फोन झाल्यावर थोड्या वेळाने दोघं धूळ झटकत दोरीअलीकडे आले. शर्यत संपली होती, लोक टाळ्या वाजवत होते.

"प्रज्ञा कितवी आली?" गायकवाडांनी मला विचारलं.

"व्हय की, अक्का," शिवण्णा म्हणाले, "कितवी आली पोरगी?"

मी तरी काय सांगणार? मी सगळा वेळ या दोघांकडेच बघत होते.